पाऊस यायच्या आत घर गाठण्याची घाई

खानदेशात एप्रिलपासून मृग लागेपर्यंत जी वादळं येतात, ती बहुतेक दुपार कलल्यावर येतात. हा योगायोग नाही. दिवसभर जमीन तापते, जळगाव-भुसावळकडे पारा ४३-४४ अंशांवर जातो, आणि हवेत थोडं बाष्प आलं की सातपुड्याच्या नाहीतर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर तीनच्या सुमारास ढग उभे राहू लागतात. ते शहरावर येऊन फुटेपर्यंत पाच-सहा वाजलेले असतात. राज्य शासनाची कार्यालयं पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून सव्वासहाला सुटतात. बँका, विमा कंपन्या, सहकारी पतपेढ्या, शिकवणी वर्ग यांची पांगापांगही साधारण त्याच सुमाराला होते. म्हणजे वादळाचा जोर आणि हजारो माणसांनी एकदम दुचाक्या काढणं या दोन्हींची वेळ एकच पडते. सिमेंटच्या पक्क्या इमारतीत बसलेल्या माणसाला वादळाचा मोठा धोका इमारतीत नसतो, तो इमारत सोडण्याच्या घाईत असतो. तेव्हा कार्यालयाच्या सुरक्षेचा विचार अग्निशमनाच्या लाल सिलिंडरपाशी थांबून चालणार नाही. आभाळ भरून आल्यावर कोणी केव्हा बाहेर पडायचं आणि केव्हा नाही, हे आधी ठरलेलं असायला हवं.

आपल्याकडची सवय नेमकी उलटी आहे. अंधारून आलं, लांबवर गडगडलं की कचेरीत एकच वाक्य ऐकू येतं: ‘चला, पाऊस यायच्या आत निघू.’ वळवाच्या वादळात मात्र पाऊस सगळ्यात आधी येत नाही, आधी वारा येतो. उंच वाढलेल्या ढगातून गार, जड हवा खाली कोसळते, जमिनीवर आपटते आणि चहूबाजूंना पसरते. तिची आघाडीची कड पावसाच्या पुढे धावत येते. धुळ्याच्या किंवा जळगावच्या क्षितिजावर तांबूस धुळीचा जो लोट उठलेला दिसतो, तीच ही कड. बऱ्याच वादळांत वाऱ्याचा सगळ्यात मोठा दणका ही कड येते त्या पहिल्या काही मिनिटांत बसतो. टपोरे थेंब, क्वचित गारा आणि मग सरळ पाऊस हे सगळं त्याच्या मागून येतं. पावसाच्या आत घर गाठायला निघालेला माणूस म्हणूनच बरोबर वाऱ्याच्या तोंडी सापडतो. डोळ्यांत धूळ, वर हेलकावणारा फलक, बाजूला कडुनिंबाची वाळलेली फांदी आणि हातात डगमगणारं हँडल. तोच माणूस भर पावसात, पण वारा पडल्यावर निघाला, तर भिजेल. जिवावरचा प्रसंग येण्याची शक्यता बरीच कमी.

महाराष्ट्रातल्या अलीकडच्या तीन दुर्घटना या अंगाने पाहाव्यात. ९ एप्रिल २०२३ च्या संध्याकाळी अकोला जिल्ह्यातल्या पारस इथे वादळी पावसात मंदिराजवळच्या पत्र्याच्या शेडवर कडुनिंबाचं जुनं झाड कोसळलं आणि आत थांबलेल्यांपैकी सात जण दगावले. आठवडाभराने, १७ एप्रिलला, पिंपरी-चिंचवडमधल्या किवळे इथे महामार्गालगतचा लोखंडी जाहिरात फलक पडला. वारापावसापासून आडोसा म्हणून माणसं त्याच्या खालच्या टपरीवजा दुकानापाशी थांबली होती. त्यातली पाच गेली. १३ मे २०२४ ला घाटकोपरला दुपारी साडेचारच्या सुमारास धुळीचं वादळ आलं आणि १२० फूट लांब, १२० फूट रुंद असा अजस्र फलक पेट्रोल पंपावर कोसळला. सतरा बळी गेले. तिन्ही घटना एप्रिल-मे महिन्यातल्या, दुपारनंतरच्या. आणि तिन्ही ठिकाणी डोक्यावर काहीतरी छत होतंच: पत्र्याचं, टपरीचं, पंपाचं. छत असणं आणि आसरा असणं यांत अंतर आहे. वाटेत वादळाने गाठलेल्या माणसाला मिळून मिळून असलाच आडोसा मिळतो. आपण कचेरीतून निघतो तेव्हा हातातली पक्की भिंत सोडून अशा आडोशाच्या भरवशावर निघत असतो. विजेचा हिशेब आणखी मोठा आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात वीज पडून २,८८७ माणसं मेली. असे बळी प्रामुख्याने उघड्यावर, शेतात, झाडाखाली असताना जातात. दारं-खिडक्या बंद असलेल्या पक्क्या इमारतीत फार थोडे.

वाऱ्याच्या ताकदीचा अंदाज डोळ्यांना येत नाही, म्हणून थोडं गणित. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. ताशी ५० किलोमीटरच्या वाऱ्यात समोरून मार खाणाऱ्या आठ फूट बाय चार फुटांच्या पत्र्यावर साधारण ३५ किलो भार येतो. वारा ताशी १०० किलोमीटरवर गेला की तोच भार १४० किलोच्या घरात जातो. पत्रा जागचा हलू नये म्हणून वर ठेवलेले चार दगड या हिशेबात बसतच नाहीत. उलट पत्रा उचलला की आधी ते खाली येतात. कार्यालयाच्या आवारातली दुचाक्यांची शेड, गच्चीवर नंतर चढवलेलं पत्र्याचं छप्पर, दर्शनी भागावरचा लोखंडी चौकटीतला फलक, सणावाराला लावून तसेच राहिलेले फ्लेक्स, वातानुकूलन यंत्राचा भिंतीबाहेर टांगलेला डबा, हे सगळं या भाराखाली येतं. आणि कचेरी सुटल्यावर सगळे जिथे गर्दी करतात ते ठिकाण कोणतं, तर हीच पार्किंगची शेड.

म्हणून नियम असा असावा: वादळाच्या दिवशी एक तर बरंच आधी निघायचं, नाहीतर वादळ सरल्यावर, मधल्या वेळेत कोणी बाहेर पडायचं नाही. हा नियम पाळायचा तर आभाळावर लक्ष ठेवणारं कोणीतरी हवं. हवामान विभाग जिल्हावार इशारे रंगांत देतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. आपल्याकडे ‘यलो’ला कोणी हिंग लावून विचारत नाही. पण गडगडाटी वादळ नेमकं कोणत्या तालुक्यावर फुटेल हे आदल्या दिवशी सांगता येत नाही, त्यामुळे पिवळ्या इशाऱ्याच्या दिवशीही एखाद्या गावाला ते झोडपून काढू शकतं. अशा दिवशी उपयोगी पडतो तो पुढच्या तीन तासांपुरता दिला जाणारा तातडीचा अंदाज, ज्याला हवामान विभाग ‘नाउकास्ट’ म्हणतो. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने तयार केलेलं ‘दामिनी’ हे अ‍ॅप आहे. आपल्या जवळपास विजा पडत आहेत का, हे ते दाखवतं. एप्रिल ते जून आणि पुन्हा परतीच्या पावसात, दुपारी तीननंतर दर तासाला हे दोन्ही बघण्याचं काम प्रत्येक कार्यालयात एका माणसाकडे नाव घेऊन सोपवावं. सगळ्यांचं काम म्हटलं की ते कोणाचंच राहत नाही. साहेब केबिनमध्ये असतात, खिडक्यांना पडदे असतात. ढग सगळ्यात आधी पाहतो तो फाटकावरचा वॉचमन. त्याच्याकडे पाहायला डोळे असतात, सांगायला अधिकार नसतो. तो अधिकार त्याला उघडपणे द्यावा: धुळीचा लोट दिसला की त्याने आत वर्दी द्यायची आणि त्याच्या वर्दीवर खिडक्या बंद व्हायच्या, साहेबांच्या होकाराची वाट न पाहता.

मोबाइल बंद पडला तरी चालेल असं एक साधन कानाशी आहेच. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीस सेकंदांच्या आत गडगडलं तर वीज दहा किलोमीटरच्या टप्प्यात आहे आणि बाहेर पडायची वेळ निघून गेलेली आहे. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाऊ द्यावा आणि मगच फाटक ओलांडावं. पाऊस थांबला म्हणून वीज थांबली असं होत नाही. उघडीप झाल्यासारखं वाटतं तेव्हाही ढगाच्या मागच्या भागातून ती पडू शकते.

यावर पहिला आणि रास्त आक्षेप येईल तो अप-डाऊन करणाऱ्यांचा. भुसावळहून जळगावला, चाळीसगावहून धुळ्याला, पाचोरा, अमळनेर, साक्री, शिंदखेड्याहून रोज ये-जा करणाऱ्यांचा दिवस गाडीच्या वेळेला बांधलेला असतो. सव्वासहाची सुटी सात-साडेसातवर गेली की एस.टी. चुकते, पुढची मिळेपर्यंत अंधार पडतो, घरी लहान मूल पाळणाघरात असतं. महिला कर्मचाऱ्यांना तर या उशिराची किंमत सगळ्यात जास्त मोजावी लागते. ‘थांबा’ एवढं सांगून वरिष्ठ मोकळे होणार असतील तर हा नियम कोणी पाळणार नाही आणि पाळूही नये. पण म्हणूनच नियमाचा पहिला अर्धा भाग महत्त्वाचा आहे. तीनच्या अंदाजात आपला जिल्हा दिसला, तर लांबच्यांना साडेतीन-चारलाच सोडावं. आभाळ डोक्यावर आल्यावर दिलेली सवलत ही सवलत नव्हे. जे मागे राहतील त्यांची रात्रीची सोय, म्हणजे एकाच दिशेला जाणाऱ्यांनी मिळून जाणं, गरज पडली तर कार्यालयाने वाहन करून देणं, हे मे महिन्याच्या आधी बोलून ठेवावं. दोन तासांच्या कामाचा तोटा होतो, हे खरं. पण असे दिवस वर्षात मोजकेच येतात, आणि एका अपघाताने त्याच कार्यालयाचं किती काम अडतं, हे ज्याने पाहिलं त्याला हा व्यवहार महाग वाटणार नाही.

दुसरा आक्षेप असा की वादळं काही आजची नाहीत, इतकी वर्षं आपण असेच ये-जा करत आलो. वादळं जुनी आहेत, पण त्यांच्या वाटेतलं शहर बदललं आहे. चौकाचौकांत लोखंडी फलक उभे राहिले, जुन्या दोन मजली इमारतींवर पत्र्याचा तिसरा मजला चढला, दर्शनी भागाला काच आली, गच्च्यांवर सौर पॅनल बसले, तळघरांत दुकानं आणि अभिलेख कक्ष गेले. मागच्या पिढीचा अनुभव या शहराचा नाही. शिवाय खानदेशातल्या वादळाची बातमी होते ती रावेर, यावलच्या आडव्या झालेल्या केळीची. ती व्हायलाच हवी. वर्षाचं पीक अर्ध्या तासात जातं. पण शहरात त्याच वादळात घसरून पडलेला कारकून, पत्र्याने कापलेला हात, बंद पडलेल्या लिफ्टमध्ये अडकलेली वृद्धा यांचा पंचनामा होत नाही, म्हणून ‘काही झालं नाही’ असं वाटत राहतं.

आता आत थांबायचं तर कुठे आणि कसं. सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे खालच्या मजल्यांवरची, भोवती खोल्या असलेली आतली मार्गिका किंवा काच नसलेला जिना. काचेच्या दर्शनी भिंतीशेजारी, खिडकीपाशी, गॅलरीत उभं राहून वादळाचं चित्रण करणं हे अपघाताला दिलेलं आमंत्रण. वाऱ्याच्या बाजूची खिडकी किंवा शटर उघडं राहिलं तर आत शिरलेली हवा छताला आतून वर ढकलते, त्याच वेळी बाहेरचा वारा छताला वरून ओढत असतो. पत्र्याचं छप्पर उडतं ते या दुहेरी जोराने. म्हणून शटर आणि खिडक्या आधी बंद करायच्या, वारा सुरू झाल्यावर त्यांच्याशी झोंबी घ्यायची नाही. लिफ्ट वारा सुटताच बंद करावी. जळगाव महापालिकेच्या सतरा मजली इमारतीसारख्या ठिकाणी वीज गेल्यावर लिफ्टमध्ये अडकणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. ज्यांना जिना झेपत नाही अशांना वर्दी येताच, लिफ्ट चालू असतानाच, खालच्या मजल्यावर आणून बसवावं. विजा चमकत असताना चार्जिंगला लावलेला मोबाइल, तारेचा दूरध्वनी, संगणक, नळाचं पाणी यांना हात लावू नये. चार्जरपासून सोडवलेला मोबाइल वापरायला हरकत नाही. गच्चीवर कोणीही जाऊ नये, टाकीचं झाकण उडालं तरी.

खानदेशातल्या कचेऱ्यांत एक वस्तू अशी आहे जिचा उल्लेख कुठल्याही सुरक्षा पुस्तिकेत सापडणार नाही: खिडकीत बसवलेला पत्र्याचा कूलर. मार्चमध्ये खिडकीचं एक तावदान काढून तो बसतो आणि जून सरेपर्यंत ती खिडकी बंद होऊच शकत नाही. बाहेर लोखंडी अँगलवर तोललेला, अर्धी टाकी पाणी, आत पंप आणि पंख्याची वायर, अंग सगळं धातूचं. वादळात त्याच्या फटींतून वारा आणि पाणी आत येतं, अँगल सैल असेल तर तो हलतो, अर्थिंग नीट नसेल तर त्याच्या अंगात वीज उतरते, आणि ओल्या फरशीवर चपला काढून बसलेला माणूस तो बंद करायला हात लावतो. कूलर बंद करायचा तो त्याच्या अंगावरच्या बटणाने नाही, भिंतीवरच्या स्विचने. कोरड्या हाताने, पायात चप्पल घालून, वर्दी आल्या आल्या. मग पिन काढून ठेवायची आणि त्याच्यासमोरचं टेबल रिकामं करायचं. हंगामाच्या सुरुवातीला वायरमनकडून अर्थिंग तपासून घेणं आणि अँगलचे नटबोल्ट आवळणं हे काम तासाभराचं आहे. वीज गेल्यावर उकाड्याने जीव नकोसा होईल, अशी भीती काहींना वाटते. पण वादळाबरोबर उतरणारी हवा काही मिनिटांत तापमान बऱ्यापैकी खाली आणते. तेवढा वेळ पिण्याचं पाणी हाताशी असलं की भागतं.

आत थांबा, हा सल्ला प्रत्येक इमारतीला लागू नाही. जळगावच्या किंवा धुळ्याजवळच्या अवधानच्या औद्योगिक वसाहतीत कित्येक कार्यालयं म्हणजे मोठ्या पत्र्याच्या शेडच्या कोपऱ्यातली केबिन. तिथे वादळाआधीच माणसांना स्लॅबच्या खोलीत हलवायला हवं, मग ते स्वच्छतागृह असो की शेजारच्या कारखान्याची पक्की इमारत. शेजाऱ्यांशी हे बोलणं आधी व्हावं. छपराचे हूक आणि त्यांखालचे वॉशर उन्हाने तडकतात. पत्रा सुटायला लागतो तो कडेने आणि कोपऱ्याने, म्हणून तपासणीही तिथूनच सुरू करावी. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाक्या रिकाम्या ठेवू नयेत; भरलेली टाकी जागची सहसा हलत नाही, रिकामी खाली येते. तळघरात तर कोणीच थांबू नये. दिल्लीत जुलै २०२४ मध्ये एका शिकवणी केंद्राच्या तळघरातल्या वाचनालयात पावसाचं पाणी शिरून तीन विद्यार्थी बुडाले. आपल्याकडच्या व्यापारी संकुलांत अनेकदा विजेचे मीटरही तळघरातच असतात, त्यामुळे पाण्याच्या जोडीला विजेचाही धोका.

पुराच्या बाबतीत मात्र हा सगळा युक्तिवाद उलटा करावा लागतो. वादळ अचानक येतं आणि लवकर सरतं, म्हणून थांबणं शहाणपणाचं. पूर वरच्या पाणलोटातून येतो, त्याची चाहूल बहुधा काही तास आधी मिळते, आणि तो आल्यावर थांबलेला माणूस अडकतो. ऑगस्ट २०१९ मध्ये अक्कलपाडा धरणातून सोडलेल्या पाण्याने पांझरा नदीला पूर आला आणि धुळ्यातल्या नदीकाठाला त्याचा तडाखा बसला. ३१ ऑगस्ट २०२१ ला तितूर आणि डोंगरी नद्या चाळीसगावच्या बाजारपेठेत शिरल्या आणि त्याच पावसाने कन्नड घाटात दरडी कोसळून औरंगाबादचा रस्ता बंद झाला. अशा दिवसांत नदीकाठच्या कार्यालयांनी धरणातून विसर्ग वाढवल्याची सूचना हीच सुटीची सूचना मानावी. शहरात पाऊस नाही, ऊन पडलंय, हे न पाहता. खालच्या फळीवरची दफ्तरं वर चढवावीत, पाणी उंबऱ्याला लागायच्या आधी मुख्य स्विच पाडावा आणि माणसांनी निघावं. फरशीपुलावरून वाहणारं पाणी गुडघ्याखाली आहे म्हणून दुचाकी घालणाऱ्यांसाठी एवढंच: वेगाने वाहणारं अर्धा फूट पाणी उभ्या माणसाला पाडू शकतं आणि फूटभर पाणी लहान मोटार उचलू शकतं.

वादळ सरल्यावर, अर्धा तास गेल्यावर, आधी दोघांनी जाऊन आवार पाहावं आणि मग बाकीच्यांनी निघावं. तुटलेली तार लोंबत असेल तर ती मेलेली आहे असं कधीही धरू नये. लांब राहून महावितरणला १९१२ वर कळवावं. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांक मोबाइलमध्ये असतातच असं नाही. ते फाटकाजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावेत.

आणि फाटकाबाहेरची माणसं. तहसील कचेरीसमोर दाखल्यासाठी गावाहून आलेले म्हातारे, चहाची टपरीवाली बाई, झाडाखाली टाइपरायटर नाहीतर लॅपटॉप मांडून बसलेला अर्ज लिहिणारा, रिक्षावाले यांना त्या आवारात पक्की इमारत एकच असते, आपली. वारा सुटला की आपल्याकडे पहिली गोष्ट होते ती म्हणजे जाळीचा दरवाजा ओढून घेतला जातो, धूळ आत नको म्हणून. तो उलट उघडा राहायला हवा आणि वॉचमनने हाक मारून माणसांना आत घ्यायला हवं; नोंदवही, ओळखपत्र नंतर पाहता येईल. त्यासाठी आतली मार्गिका मोकळी असावी लागेल. आज बहुतेक इमारतींत जिन्याखाली आणि दारातच कर्मचाऱ्यांच्या दुचाक्या उन्हाच्या भीतीने लावलेल्या असतात. त्या एप्रिल लागताच दुसरीकडे हलवाव्यात, आणि त्यांची जागा खडूने आखून रिकामी ठेवावी.